तीन बाइटांचं रडगाणं

आयटीतल्या मराठी माणसांचं एक लाडकं वाक्य आहे: "मराठीत डेटा ठेवायचा म्हणजे तिप्पट जागा लागते रे!" मीटिंगमध्ये हे वाक्य एकदा टाकलं की चर्चा संपते. साहेब मान डोलावतात, फॉर्म इंग्रजीत राहतो, एसएमएस इंग्रजीत जातो, पावती इंग्रजीत छापली जाते. आणि ज्याला ती पावती वाचायची असते तो शेजारच्या पोराला गाठून "जरा बघ रे बाबा काय लिहिलंय" म्हणत फिरतो.

आज या वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते जास्त धोकादायक. तिप्पट बाइट लागतात हे खरं. पण म्हणून मराठी परवडत नाही, हे साफ खोटं. आणि गंमत म्हणजे हे सांगणारे कुणी परके नाहीत. आपल्यासारखेच इंजिनिअरिंग केलेले, पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, घरी मराठी बोलणारे लोक आहेत.

थोडं तांत्रिक होणार आहे, पण बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही कळेल. ज्यांना हे तोंडपाठ आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद खुशाल गाळावेत.

आकडा किती लांबीचा?

कॉम्प्युटरसाठी अक्षर म्हणजे शेवटी एक आकडा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, त्यामुळे मोठ्या आकड्यांना जास्त बाइट लागतात. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला सरसकट चार बाइट द्यायचे. हे म्हणजे नारळ मावेल असं खोकं घ्यायचं आणि प्रत्येक खोक्यात एकेक हापूस घालून मुंबईला पाठवायचा. मोजायला सोपं, पण ट्रकभर हवाच जाणार.

दुसरा उपाय, आकड्यानुसार लांबी बदलायची. बाइटमध्ये आठ बिट असतात. सात बिट आकड्यासाठी वापरायचे आणि आठवा नुसता खूण म्हणून: "अजून आहे" किंवा "संपलं". मग १२७ पर्यंतचा आकडा एका बाइटमध्ये बसतो, १६,३८३ पर्यंतचा दोन बाइटांत, २०,९७,१५१ पर्यंतचा तीन बाइटांत. मिडी संगीताच्या फाइलींपासून गूगलच्या प्रोटोकॉल बफरपर्यंत आणि वेबअसेंब्लीपर्यंत ही युक्ती वापरात आहे. कुणी मोठा भाग आधी लिहितं, कुणी छोटा, एवढाच फरक.

आता यातली मेख बघा. ही बचत फुकट मिळत नाही. एका बाइटमधले अर्धे आकडे तुम्ही खुणेसाठी देऊन टाकले, म्हणून मोठ्या आकड्यांना एरवीपेक्षा जास्त जागा लागते. तुम्ही पैज लावलेली असते की छोटे आकडे जास्त वेळा येतील. मोर्सच्या कोडमध्ये इंग्रजी 'ई'ला एक टिंब आणि 'क्यू'ला चार खुणा, ती हीच पैज. १९५२ साली हफमनने काढलेली पद्धत म्हणजे हीच पैज गणिताने पक्की करणं. म्हणजे छोटा कोड कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी कुणीतरी काहीतरी मोजलेलं असतं. काय मोजलं आणि कुणाचं मोजलं, सगळा खेळ तिथे आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२५७ ने गाडी चुकली

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ असे मोजून १२८ क्रमांक आले. (आतली मांडणी आपल्याच 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतलेली आहे.) हे क्रमांक बाइटांत लिहिण्याची सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८, आणि तीही बदलत्या लांबीचीच. १२७ पर्यंत एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, ६५,५३५ पर्यंत तीन, त्यापुढे चार.

इंग्रजी एका बाइटात. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी दोन बाइटांत. आणि देवनागरी? दोन बाइटांची हद्द २०४७ ला संपते आणि आपली सुरुवात २३०४ ला होते. २५७ क्रमांकांनी गाडी चुकली! उर्दूच्या अक्षराला दोन बाइट आणि मराठीच्या अक्षराला तीन.

उदाहरण म्हणून माझ्या गावाचं नाव घेऊ. रत्नागिरी शहरातून खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं ते भाट्ये. (सुरूचं बन आणि नारळ संशोधन केंद्र असलेलं, तेच.) या नावाची सहा चिन्हं यूटीएफ-८ मध्ये अशी दिसतात:

भ : २३४९ : २२४ १६४ १७३
काना : २३६६ : २२४ १६४ १९०
ट : २३३५ : २२४ १६४ १५९
हलन्त : २३८१ : २२४ १६५ १४१
य : २३५१ : २२४ १६४ १७५
मात्रा : २३७५ : २२४ १६५ १३५

एकूण अठरा बाइट. हेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर सहा अक्षरं, सहा बाइट. बरोबर तिप्पट. इथपर्यंत रडगाणं बरोबर आहे.

पण दोन बाइटांत बसवलं असतं तर?

वर सांगितलेली साधी सात बिटांची पद्धत वापरली असती तर देवनागरी दोन बाइटांत बसली असती. १६,३८३ पर्यंत दोनच बाइट लागतात ना! करून बघू. मोठा भाग आधी लिहिला तर 'भ'चे बाइट होतात १४६ आणि ४५. काना १४६ आणि ६२. 'य' १४६ आणि ४७. बारा बाइटांत अख्खं भाट्ये. मग हा शहाणपणा कुणी का केला नाही?

कारण ४७ हा आकडा एकटा आला की त्याचा अर्थ तिरपी रेघ, म्हणजे फोल्डरच्या नावांमधली ती रेघ. आणि ६२ म्हणजे वेबपेजमधला टॅग बंद करणारा कंस. जगातले असंख्य जुने प्रोग्राम मजकूर बाइट-बाइट वाचतात. त्यांना यातलं निम्मं अक्षर दिसलं असतं आणि निम्मी तिरपी रेघ. 'भाट्ये' नावाची फाइल बनवायला जावं तर 'य'च्या मधोमध फोल्डर फुटला असता. प्रत्येक कान्याला वेबपेज मोडलं असतं. मराठीत काना किती वेळा येतो ते सांगायला नको.

नेमकी हीच अडचण सोडवायला सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसनने न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात, ताटाखाली ठेवायच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. सोबत रॉब पाइक होता. नियम असा की जिथे एकाहून जास्त बाइट लागतात तिथला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच असेल. म्हणजे तो चुकूनही तिरपी रेघ किंवा कंस वाटणार नाही. शिवाय अक्षराचा पहिला बाइट १९२ च्या पुढचा आणि मागून येणारे १२८ ते १९१ मधले. त्यामुळे मजकूर कुठेही उघडा, फार तर दोन पावलं मागे गेलात की मराठी अक्षराची सुरुवात सापडते. साध्या सात बिटांच्या पद्धतीत एक बाइट हरवला तर शेजारची दोन अक्षरं एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी तयार होऊ शकतं. यूटीएफ-८ मध्ये हरवलं ते एकच अक्षर, बाकीचं शाबूत.

तर मंडळी, तिसरा बाइट हे कुणाचं कारस्थान नाही. तो विम्याचा हप्ता आहे. या हप्त्यामुळेच तुमचं मराठी मेल अमेरिकेतल्या पन्नास जुन्यापान्या सर्व्हरांतून जाऊनसुद्धा जसंच्या तसं पोचतं. पहिला, एका बाइटचा कप्पा इंग्रजीला मिळाला हे पक्षपाती आहे का? आहे. १९९२ मध्ये जे मोजलं गेलं त्यात इंग्रजीच होती. पण त्या तक्त्यावर आता छाती पिटून उपयोग नाही, आणि गरजही नाही. का, ते बघा.

दाबलं की हवा निघते

वरच्या सहा ओळी पुन्हा बघा. पहिला बाइट कायम २२४. दुसरा कायम १६४ किंवा १६५. म्हणजे पहिल्या बाइटमध्ये माहिती शून्य, दुसऱ्यात एका बिटाची, आणि खरं काम तिसरा करतो. १२८ चिन्हं म्हणजे सात बिट. चोवीसपैकी सतरा बिट नुसती हवा.

आणि हवा काढणं हा तर कॉम्प्रेशनचा धंदाच आहे. जी-झिप घ्या. ते आधी पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधतं आणि त्यांच्याऐवजी "इतकं मागे जा, इतकं उचल" असे दोन आकडे लिहितं. मग उरलेल्याला हफमनच्या पद्धतीने छोटे-मोठे कोड देतं. शुद्ध देवनागरी मजकुरात दर तिसरा बाइट २२४ असतो, म्हणून त्याला एक-दोन बिटांचा कोड मिळतो. १६४ आणि १६५ ला दोन-तीन बिटांचा. सोळा बिटांचं ओझं नुसत्या हफमननेच चार-पाच बिटांवर येतं, आणि 'आहे', 'आणि', 'करण्यात' असे शब्द पुन्हा आले की अख्खेच्या अख्खे मागच्या पत्त्यावर उचलले जातात. बहुतेक वेब सर्व्हर आणि ब्राउझर हे आपोआप करतात. ब्रॉटली नावाच्या नव्या पद्धतीच्या तयार शब्दकोशात तर हिंदी शब्द आधीपासूनच भरलेले आहेत, त्यातले काही आपल्यालाही कामाला येतात.

अजून थेट मार्ग हवा? पूर्ण आकडा लिहिण्याऐवजी आधीच्या चिन्हापासूनचा फरक लिहा. भाट्येचे फरक येतात: +१७, -३१, +४६, -३०, +२४. उणे आकड्यांसाठी प्रोटोकॉल बफरमध्ये एक छान युक्ती आहे, झिगझॅग. शून्य किंवा अधिक आकड्याची दुप्पट करायची, उणे आकड्याची चिन्ह काढून दुप्पट करायची आणि एक वजा करायचा. झाले ३४, ६१, ९२, ५९, ४८. सगळे १२७ च्या आत, म्हणजे प्रत्येकी एक बाइट! पहिल्या 'भ'ला दोन. एकूण सात बाइट. अठराचे सात झाले, तेही शाळेतल्या वजाबाकीने.

युनिकोडच्या लोकांनी हे कधीच करून ठेवलंय. एससीएसयू नावाची पद्धत आहे, तिच्यात देवनागरीसाठी आधीपासून एक खिडकी राखून ठेवलेली आहे. सुरुवातीला एक बाइट लिहायचा, "आता देवनागरी", आणि पुढे प्रत्येक चिन्हाला एक बाइट. बोकू-१ नावाची दुसरी पद्धत फरकांवरच चालते. दोन्हीत भाट्ये सात बाइटांत बसतं. वेबपेजसाठी सुरक्षिततेच्या कारणावरून या दोन्ही पद्धती बाद ठरल्या, आणि ते योग्यच झालं. पण डेटाबेसच्या आत, फाइलच्या आत तुम्हाला कुणी अडवलंय?

आता कुणी म्हणेल, "सगळीकडे कॉम्प्रेशन परवडत नाही. छोट्या नोंदी असतात, दाबायला-उलगडायला प्रोसेसर लागतो." मुद्दा मान्य. मग न दाबता हिशोब करू. एक कोटी चिन्हांचा मराठी मजकूर न दाबता तीन कोटी बाइट होतो, म्हणजे ३० एमबी. एक कोटी चिन्हं म्हणजे जाडजूड कादंबऱ्यांचं एक छोटं कपाट झालं. तुमच्या ऑफिसच्या गणपतीच्या व्हिडिओला याहून जास्त जागा लागते, आणि तो व्हिडिओ चार ग्रुपवर ठेवताना कुणी "परवडत नाही" म्हणत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एका बाइटची मराठी आपण वापरून बघितली आहे

"तीन बाइट नकोत" या हट्टाचं फळ आपण एकदा चाखलंय. युनिकोडच्या आधी मराठी एकाच बाइटात लिहिली जायची. इस्की हे १९९१ चं भारतीय मानक त्यातल्या त्यात शिस्तीचं होतं. पण प्रत्यक्षात जोर होता फाँटांचा. शिवाजी, किरण, श्रीलिपी आणि असे कितीतरी. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवायचा, की झालं. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडायच्या तर आधी त्यांचा त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागायचा.

जागा वाचली, अगदी तीनास एक. पण त्या काळातल्या फाइली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. शोध चालत नाही, अकारविल्हे लागत नाही, आणि तो विशिष्ट फाँट सापडला नाही तर वाचताही येत नाही. काही मेगाबाइट वाचवण्यासाठी आपण आपलाच मजकूर कुलपात टाकला आणि किल्ली फाँट विकणाऱ्याकडे ठेवली. ही बचत ज्यांना आठवते त्यांनी तरी 'तिप्पट'चा सूर लावू नये.

खरं दुखणं कुठे आहे

म्हणजे मराठीला कॉम्प्युटरवर काहीच त्रास नाही का? भरपूर आहे. पण तो बाइटांनी दिलेला नाही, बाइट मोजणाऱ्यांनी दिलेला आहे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय.

पहिलं उदाहरण. एका कुरिअर कंपनीच्या (नाव कशाला!) ॲपमध्ये गावाच्या रकान्याखाली "जास्तीत जास्त ४० अक्षरे" असं मराठीत लिहिलेलं आहे. मी लिहिलं "भाट्ये, रत्नागिरी". काना-मात्रा, स्वल्पविराम, मोकळी जागा सगळं धरून १७ चिन्हं. पार्सलवर छापून आलं "भाट्ये, रत्नाग" आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. हिशोब सोपा आहे. त्या नावाचे बाइट ४७ होतात. कुणीतरी ४० बाइटांवर सुरी चालवली, आणि ती 'गि'च्या वेलांटीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाइटच्या मधोमध पडली. फोन केला तर उत्तर, "सर, प्लीज इंग्लिशमध्ये टाका ना." आता सांगा, यात यूटीएफ-८ ची चूक काय? रकान्याखाली 'अक्षरे' लिहिणारा आणि आत बाइट मोजणारा, दोघे एकाच कंपनीत बसतात. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी नुसती ४० लिहिली तर मूळ सेटिंगप्रमाणे ते ४० बाइट धरलं जातं. अक्षरं हवी असतील तर पुढे एक शब्द लिहावा लागतो. एक शब्द! तेवढाही आळस.

दुसरं उदाहरण एसएमएसचं. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी सात-सात बिटांत बसवून त्यात १६० अक्षरं घालतात. पण संदेशात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा संदेश सोळा बिटांवर जातो आणि मर्यादा होते ७०. लांब संदेश असेल तर प्रत्येक तुकड्यात ६७. आता हा संदेश बघा: "समुद्र खवळलेला आहे. मच्छीमारांनी दोन दिवस समुद्रात जाऊ नये." ५९ चिन्हं, बसला. पण कुठल्या गावासाठी ते नको का सांगायला? पुढे "भाट्ये, रत्नागिरी" जोडा. ७७ झाले, आणि एकाचे दोन संदेश झाले. इंग्रजीत हाच मजकूर गावासकट ८० च्या आत येतो आणि निम्मी जागा उरते. हजारो लोकांना पाठवायचं असेल तर दुप्पट बिल. मग हिशोबनीस म्हणतो, इंग्रजीत पाठवा. आणि वाचणारा खलाशी असतो.

यात जागेची चणचण खरोखर आहे का? हाच ७७ चिन्हांचा संदेश यूटीएफ-८ मध्ये २०५ बाइट होतो, सोळा बिटांच्या पद्धतीत १५४, आणि एससीएसयूमध्ये फक्त ७८. १४० ची मर्यादा असताना ७८! देवनागरीची १२८ चिन्हं सात बिटांतही बसतात. मोबाईलच्या मानकात पुढे हिंदी, गुजराती, तमिळ वगैरे भाषांसाठी सात बिटांचे तक्ते घातलेसुद्धा. (मराठीच्या नावाचा तक्ता नाही, पण देवनागरीचा आहे.) तो वापरला तर एका संदेशात १५५ चिन्हं मावतात. म्हणजे गणित तयार होतं, मानक तयार होतं. फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये ते घालायची तसदी घेणारे मात्र भेटले नाहीत.

तिसरं, मोडी. २०१४ साली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली. तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. आणि मायएसक्यूएलमध्ये ज्याचं नाव 'यूटीएफ८' आहे ते वर्षानुवर्षं तीनच बाइटांपर्यंत चालायचं. चौथ्या बाइटसाठी २०१० मध्ये वेगळं नाव आलं. ज्यांनी जुनंच नाव ठेवलं त्यांच्याकडे मोडीतलं एक अक्षरही आत जात नाही. पुढे हे बदललं ते कशामुळे? पेशवे दप्तरासाठी नाही हो. इमोजीसाठी! हसरा चेहरा जात नव्हता म्हणून बोंब झाली, आणि इमोजीच्या पाठीवर बसून मोडी आत आली. म्हणजे ओरडलं की होतं.

आता तर बिलच येतं

चौथं उदाहरण सगळ्यात ताजं आणि सगळ्यात बोलकं. आजची एआय मॉडेलं मजकूर 'टोकन'मध्ये मोजतात आणि बिलही टोकनवर लागतं. हे टोकन बनवण्याची पद्धत मुळात कॉम्प्रेशनची आहे. फिलिप गेज याने १९९४ साली मांडलेली. सगळ्यात जास्त वेळा शेजारी येणारे दोन बाइट शोधा, त्यांची एक जोडी करा, पुन्हा शोधा, पुन्हा जोडा. २०१९ च्या जीपीटी-२ मध्ये हीच पद्धत बाइटांवर चालवली गेली, आणि तीही बहुतांशी इंग्रजी मजकुरावर. त्यामुळे इंग्रजीचा अख्खा शब्द एका टोकनात आणि मराठीचं एक अक्षर दोन-तीन तुकड्यांत.

मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवा तक्ता आणला तेव्हा स्वतःच आकडे दिले. मराठीतल्या एका नमुना मजकुराला आधी ९६ टोकन लागत होते, आता ३३. तशाच मजकुराला इंग्रजीत आधी २७, आता २४.

हे आकडे नीट वाचा. मराठी बदलली नाही. यूटीएफ-८ बदललं नाही. तीन बाइट होते ते तीनच आहेत. तरी खर्च जवळजवळ एक तृतीयांशावर आला. कारण एकच, तक्ता बनवताना यावेळी मराठी मोजली गेली. जे रडगाणं आपण "मराठी मुळातच महाग आहे" म्हणून गात होतो, ते मोजणाऱ्याने मोजलं नाही एवढंच होतं. तरी ३३ आणि २४ मध्ये फरक आहेच. तोही कमी होईल, पण आपोआप नाही.

"मग रोमनमध्ये लिहा ना"

हा सल्ला हमखास मिळतो. एक बाइट, कुठे कापणं नाही, एसएमएस १६० चा, सगळं स्वस्त. याला उत्तर असं. रोमनमध्ये 'भाट्ये' मी एका तऱ्हेने लिहीन, तुम्ही दुसऱ्या, पोस्टातला माणूस तिसऱ्या. शोधायला गेलं की तिन्ही वेगळी गावं. 'ट' आणि 'त', 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' एकाच पोत्यात. कॉम्प्रेशनच्या भाषेत याला लॉसी म्हणतात, काहीतरी कायमचं फेकून देऊन केलेली बचत. फोटोत ती चालते, नावात आणि सातबाऱ्यावर नाही. बारा बाइट वाचवले आणि गावच हरवलं, हा कुठला हिशोब?

तर करायचं काय

तक्रार करून थांबायचं नाही, म्हणून प्रोग्रामर मंडळींना पाच गोष्टी.

१) मर्यादा अक्षरांत लिहा आणि अक्षरांतच मोजा. 'भाट्ये' म्हणजे १८ बाइट, ६ चिन्हं, पण माणसाच्या दृष्टीने दोन अक्षरं: भा आणि ट्ये. युनिकोडच्या नियमांनाही जोडाक्षर एकसंध धरायला २०२३ ची १५.१ आवृत्ती उजाडावी लागली, पण आता ते नियमात आहे. वापरा.

२) बाइटवर कापू नका. कापायचंच असेल तर १२८ ते १९१ मधला बाइट असेपर्यंत मागे सरका. चार ओळींचा कोड आहे.

३) जागा वाचवायची असेल तर मजकूर दाबा, लिपी दाबू नका.

४) टेस्ट डेटात "एबीसी १२३" ऐवजी स्वतःच्या गावाचं नाव देवनागरीत घाला. निम्मे बग पहिल्याच दिवशी सापडतील.

५) मराठीत लिहा, उघड्यावर लिहा, युनिकोडमध्ये लिहा. पुढचा तक्ता बनवणारा जेव्हा मोजायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर मोजायला मराठी असली पाहिजे. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

छोटा कोड कुणी दान म्हणून देत नाही. जो जास्त वेळा दिसतो त्याला तो मिळतो. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी मीटिंगमध्ये "मराठी तिप्पट" म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा: "दाबून की न दाबता? आणि मोजलंय का तू, की नुसतं ऐकलंयस?"

बहुतेक वेळा नुसतं ऐकलेलंच असतं.